फसवणुकीचे इंग्रजी शब्द : कोणी कोणाला दिलेली नावे

तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले-मुली अशी आहेत की इंग्रजी अक्षर त्यांच्या घरात पहिल्यांदा आले ते त्यांच्याच दप्तरातून. माझ्याही घरात ते तसेच आले. दोन वर्षांपूर्वी एका धड्यात 'चीट' हा शब्द आला आणि मी त्याचा अर्थ विचारला. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "कॉपी करणे, सर." मागच्या बाकावरून एकाने भर घातली, "अंपायर करतो ते." हशा झाला आणि तास पुढे गेला. पण मला ते उत्तर काही सोडेना. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या फसवले गेले, त्यांच्या मुलांना या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असावा, आणि त्या अर्थात फसवणारा म्हणून पुन्हा तीच उभी असावीत! शाळेने त्यांना हा शब्द शिकवला तो आरोपी म्हणून. फिर्यादी म्हणून तो वापरता येतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

हा लेख त्या तासातून निघाला आहे. पण त्याचे मूळ माझ्या आज्यापाशी आहे, तेव्हा आधी त्याच्याविषयी थोडे सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात आज्याने गावातल्या एका बड्या असामीकडून चार पोती ज्वारी आणि थोडी रोकड घेतली. बदल्यात दोन एकर रान गहाण टाकायचे ठरले. कागद तालुक्याला झाला. लिहिणारा त्यांचा, वाचून दाखवणारा त्यांचा, साक्षीदारही त्यांचेच. आज्याने अंगठा दिला. वाचून दाखवले ते गहाणखत होते, लिहिलेले होते खरेदीखत. सात वर्षांनी पैसे जमवून आजा रान सोडवायला गेला, तेव्हा त्या माणसाने सातबारा पुढे केला. आजा मरेपर्यंत ही गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी शेवट एकच करायचा, "म्या फसलो." "त्यानं मला फसवलं" असे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नाही.

मी लहानपणी याला आज्याचा भोळेपणा समजत असे. भाषा शिकवू लागल्यावर मला त्यातले क्रियापद दिसले. 'फसणे' अकर्मक आहे. चिखलात बैल फसतो, दरीत ढोर फसते, तसा माणूस फसतो. वाक्यातला कर्ता तोच आणि भोगणाराही तोच. फसवणाऱ्याला या वाक्यात उभे राहायलाही जागा नाही. प्रयोजक करून 'फसवणे' म्हटले की तो दिसतो. पण ते म्हणायला समोरच्याकडे बोट करावे लागते, आणि १९७९ साली आमच्या वाड्यातल्या माणसाला ते बोट परवडणारे नव्हते. व्याकरणसुद्धा माणूस आपल्या ऐपतीप्रमाणे वापरतो.

इंग्रजी कोश मी पहिल्यांदा या दृष्टीने उघडला तो 'डिसीव्ह' या क्रियापदासाठी. लॅटिनमधल्या 'पकडणे' या अर्थाच्या धातूपासून ते आले आहे. जाळ्यात धरणे, सापळ्यात घेणे हा त्याचा मूळ भाव. म्हणजे चित्र आपल्या 'फसण्या'चेच आहे, पण बघणारा दुसऱ्या बाजूला उभा आहे. मराठीत सापळ्यात सापडलेला बोलतो, इंग्रजीत सापळा लावणारा दिसतो. 'हूडविंक' हा शब्द असाच उघडा आहे. डोक्यावरचे आवरण डोळ्यांवर ओढून ते मिटायला लावणे हा त्याचा सोळाव्या शतकातला साधा अर्थ. आपण डोळ्यांत धूळ फेकतो, इतकाच फरक. 'बांबूझल' कुठून आला यावर कोशकार अजून भांडतात. जोनाथन स्विफ्टने १७१० साली असल्या नव्या उपटसुंभ शब्दांविरुद्ध तक्रार केली होती, त्यात हाही होता. स्विफ्ट गेला, शब्द राहिला. अशा शब्दांची गंमत पुष्कळ आहे, पण गमतीसाठी मी हा लेख लिहीत नाही. मला शोध होता तो 'चीट'चा.

तो लागला तेव्हा मी ग्रंथालयात एकटाच मोठ्याने हसलो.

मध्ययुगीन इंग्लंडात सगळी जमीन शेवटी राजाची, आणि त्याच्याकडून सरदारांनी, सरदारांकडून खालच्यांनी धारण केलेली, अशी पद्धत होती. धारण करणारा वारस न ठेवता मेला, किंवा एखाद्या मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याची जमीन वरच्या धन्याकडे परत जाई. याला कायद्यात 'एस्चीट' म्हणत. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ 'वाट्याला येऊन पडलेले'. अशा जमिनी हुडकून राजाच्या नावे लावणारा अधिकारी म्हणजे 'एस्चीटर'. परगण्या-परगण्यांत हे अधिकारी असत. वारस असूनही नाही म्हणून लिहिणे, दाव्यात खोट काढणे, चौकशीच्या नावाखाली पैसे उकळणे ही त्यांची ख्याती. लोकांच्या तोंडी त्या पदनामाचे पुढचे अक्षर झिजले आणि 'चीटर' राहिला. आधी 'चीट करणे' म्हणजे सरकारजमा करणे, मग अन्यायाने हिरावून घेणे, आणि सोळाव्या शतकापर्यंत नुसतेच फसवणे.

या शब्दाला मी इतके महत्त्व देतो त्याचे कारण आहे. इंग्रजीतला फसवणुकीचा सर्वांत साधा, रोजच्या वापरातला, लहान मुलाच्याही तोंडी असलेला हा शब्द एका सरकारी हुद्द्यावरून पडला आहे. एखाद्या जातीवरून नाही, भटक्यांच्या टोळीवरून नाही. शिक्का आणि दप्तर घेऊन दारात येणाऱ्या, राजाची नेमणूक असलेल्या माणसावरून. आणि हे नामकरण कोणा पंडिताने केलेले नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या तोंडून ते झाले. आपल्याकडे तलाठी, कुलकर्णी, सावकार या शब्दांचा असाच अपभ्रंश होऊन त्याचा अर्थ लुबाडणे असा रूढ झाला असता, आणि पुढे कोशात बसला असता, तर माझ्या आज्याला वाक्य करणे थोडे सोपे गेले असते.

तो जुना मूळ शब्दही मेलेला नाही, हे जाता जाता सांगतो. दत्तक वारस नामंजूर करून १८४८ साली सातारचे आणि १८५४ साली नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले, तेव्हा वारस नसलेल्याचे वरच्याकडे जाते हीच कल्पना 'लॅप्स' या नावाने कामाला लागली. आपल्या संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदात बेवारस मालमत्ता सरकारकडे जाण्यासंबंधी जी तरतूद आहे, तिच्या इंग्रजी पाठात 'एस्चीट' आणि 'लॅप्स' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत. तिथे त्यांचा अर्थ निरुपद्रवी आहे. अपभ्रंशाने मात्र आपली साक्ष सोडलेली नाही.

दुसरा एक शब्दगट मला याहूनही बोलका वाटतो. 'क्राफ्ट' म्हणजे जुन्या इंग्रजीत बळ, मग कौशल्य, कारागिरी. त्याच्यापासून झालेला 'क्राफ्टी' म्हणजे मात्र धूर्त, कपटी. 'कनिंग' हा शब्द जाणणे या अर्थाच्या क्रियापदातून आला. मूळ अर्थ जाणकार, आजचा अर्थ लबाड. 'आर्टफुल'चेही तेच झाले. आणि 'ग्लॅमर'! सिनेमाच्या पानांवर झळकणारा हा शब्द 'ग्रामर'चा, म्हणजे व्याकरणाचा, स्कॉटलंडमध्ये झालेला अपभ्रंश आहे. अक्षरविद्या म्हणजे मंत्रविद्या असे निरक्षर माणसाला वाटे. त्यामुळे व्याकरण म्हणजे जादू, आणि जादू म्हणजे नसलेले दाखवणारी नजरबंदी. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाचल्यावर थोडा वेळ गप्प बसणेच बरे.

जाणकारी, कौशल्य, विद्या या अर्थाचे शब्द एकामागून एक कपटाकडे का घसरतात? भाषाशास्त्रज्ञ याची निरनिराळी कारणे देतील. मला माझ्या घरातून एक कारण दिसते. विद्या ज्यांच्या घरात नव्हती, त्यांची आणि विद्येची गाठ बहुतेक वेळा पडली ती फसवले जाताना. ज्याला येते तो आपल्याला बनवतो, हा त्यांचा अनुभव होता आणि तो त्यांनी शब्दाच्या अर्थात भरला. महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखले होते. १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकात त्यांनी गर्भवती कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून नागवणारा जोशी उभा केला. १८६९ साली त्यांनी जे पुस्तक काढले त्याचे नाव 'ब्राह्मणांचे कसब'. 'कसब' या शब्दाची निवड पाहा. कसब म्हणजे कारागिरी, आणि कसब म्हणजे हातचलाखीही. 'क्राफ्ट'ची दोन्ही टोके त्या एका मराठी शब्दात आहेत, आणि पुरोहितांच्या कारस्थानाला इंग्रजीत 'प्रीस्टक्राफ्ट' म्हणतात हे मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. मराठीतल्या 'शेंडी लावणे' या वाक्प्रचाराची आठवण इथे ज्याला व्हायची त्याला होईल.

हे झाले खालून वर फेकलेले शब्द. पण कोशाचे पान उलटले की दुसरी बाजू दिसते, आणि ती फार मोठी आहे.

'व्हिलन' हा आपल्या चित्रपटांनी घराघरांत पोहोचवलेला शब्द. तो मूळचा कोण? जहागीरदाराच्या शेतवाडीवर राबणारा कूळ. 'नेव्ह' म्हणजे लुच्चा. तो मूळचा कोण? पोरगा, घरचा पोऱ्या. राबणाऱ्याला दुष्ट आणि हरकाम्याला लुच्चा म्हणणारे कोण असतील हे वेगळे सांगायला नको. इंग्रजांनी हे आधी आपल्याच गरिबांना केले, मग परक्यांना. 'जिप्' म्हणजे ठकवणे; हा शब्द 'जिप्सी'पासून आला असे मानले जाते, आणि जिप्सी म्हणजे रोमा लोक, ज्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले. ते इजिप्तचे आहेत असा युरोपचा समज झाला, त्यातून हे नाव पडले. नावही चुकीचे आणि आरोपही. 'स्विंडलर' हा जर्मन शब्द. मुळात भोवळ येणे या अर्थाच्या क्रियापदातून झालेला. अठराव्या शतकात लंडनला आलेल्या जर्मन ज्यूंनी तो आणला असे जुने कोश सांगतात. म्हणजे फसवेगिरीला शब्द दिल्याचाही ठपका ज्यूंवरच. खुद्द 'ज्यू' या शब्दाचे इंग्रजीत क्रियापद करून त्याचा अर्थ घासाघीस करणे, ठकवणे असा केला गेला होता. आज सभ्य लेखनातून तो हद्दपार झाला आहे. तो आपोआप झाला नाही, त्यामागे केवढा संहार आहे हे सर्वांना माहीत आहे.

आणि मग 'ठग'. हा आपण इंग्रजीला दिलेला शब्द. संस्कृतातल्या 'झाकणे, लपवणे' या अर्थाच्या धातूपासून आपल्या भाषांत ठग झाला; अर्थ फसवणारा. इंग्रजांच्या हाती लागल्यावर तो गळा आवळून मारणारा, जन्मजात खुनी झाला. १८३६ साली विल्यम स्लीमनने कलकत्त्यात 'रामसीआना' नावाचा एक ग्रंथ छापला. तो होता ठगांच्या म्हणवल्या गेलेल्या बोलीचा शब्दकोश. शब्दकोश हे पोलिसी हत्यार कसे होते ते तिथे पाहावे. त्याच साली ठगीविरुद्ध जो कायदा झाला, त्यात विशिष्ट खून शाबीत करण्याची गरज ठेवली नव्हती; ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. १८३९ साली फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनमध्ये निघाली आणि हा शब्द इंग्रज वाचकाच्या दिवाणखान्यात गेला. हाच टेलर पुढे निजामी मुलखात नळदुर्गला अधिकारी होता. मराठवाड्यातले वाचक त्याचे नाव ऐकून असतील. आज अमेरिकेत काळ्या तरुणाला 'ठग' म्हटले जाते, तेव्हा म्हणणाऱ्याला आपण कुठला शब्द वापरतो आहोत याची कल्पना नसते. त्याचे काम मात्र तो शब्द बरोबर करतो : काय केले ते न सांगता कोण आहे ते सांगतो.

ठगांच्या कायद्यातली 'असणे हाच गुन्हा' ही कल्पना पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात जमातींच्या जमातींना लावली गेली. १९११ च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यात आली. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द होईपर्यंत उभ्या होत्या, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मला सांगायचे आहे ते वेगळे. तारा निघाल्या, शब्द निघाले नाहीत. 'भामटा' हा मराठीतला फसवणाऱ्याला असलेला सर्वांत प्रचलित शब्द. वर्तमानपत्रात रोज येतो : 'भामट्याने वृद्धेला लुटले.' आणि 'भामटा' हेच आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीतले एक नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर ते लिहून घेणाऱ्या मुलाची अवस्था कल्पनेने जाणून घ्यावी. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले. समाजाने कपाळावर कोरलेले नाव त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिले. तो धीट निर्णय होता. पण आपण काय करतो? आपल्याच सभांतून, आपल्याच लेखांतून, एखाद्या पुढाऱ्याचे ढोंग उघडे पाडताना 'हा भामटा' असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हटले आहे, आणि व्यासपीठावरून म्हटले आहे. सभेनंतर एका विद्यार्थ्याने मला बाजूला घेऊन, "सर, दुसरा शब्द नव्हता का?" एवढेच विचारले. त्याच्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते मी त्याला विचारले नाही. त्या दिवसापासून मी 'लबाड' म्हणतो. लबाड कोणाच्या दाखल्यावर नसतो.

आता वरच्यांची फसवणूक. तिला कोणते शब्द आहेत? तिला नावे नाहीत, तिला संज्ञा आहेत. 'इर्रेग्युलॅरिटी', 'मिसअप्रोप्रिएशन', 'डीफाल्केशन'. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात हा शेवटचा शब्द वाचताना मला नेहमी मजा वाटते, कारण त्याच्या पोटात लॅटिनमधला विळा आहे : विळ्याने कापून घेणे. पण अहवालात विळा दिसत नाही आणि विळा धरणारा हातही दिसत नाही. मघाशी मी म्हटले होते की इंग्रजी क्रियापदात सापळा लावणारा दिसतो. पण क्रियापदाचे नाम केले की तोही अंतर्धान पावतो. मराठीने याचा उत्तम अनुवाद केला : गैरव्यवहार, अनियमितता, घोटाळा. घोटाळा म्हणजे खरे तर गोंधळ, गुंता. दोरा गुंततो तसा पैसा गुंतला, त्याला कोण काय करणार! १९९२ साली शेअरबाजाराचे प्रकरण बाहेर आले तेव्हा 'स्कॅम' हा अमेरिकन बोलीतला शब्द आपल्याकडे घरगुती झाला, आणि त्याला मराठी प्रतिशब्द हाच मिळाला.

एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली 'व्हाइट कॉलर क्राइम' ही संकल्पना मांडली. गुन्हा म्हणजे गरिबांचा उद्योग, या समजाला त्याने धक्का दिला. सत्तर मोठ्या कंपन्यांची कोर्टकचेऱ्यांतली नोंद तपासून त्याने १९४९ साली ग्रंथ लिहिला. प्रकाशकाच्या आग्रहावरून त्या ग्रंथातून कंपन्यांची नावे गाळावी लागली. नावांसह तो निघाला १९८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. याच्या शेजारी चार्ल्स पॉन्झी ठेवून पाहा. इटलीतून आलेला हा स्थलांतरित. बोस्टनमध्ये १९२० साली पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो म्हणून त्याने हजारोंचे पैसे घेतले आणि नव्यांच्या पैशातून जुन्यांना दिले. असले प्रकार त्याच्या आधीही झाले होते. पण त्या धंद्याला कायमचे नाव पडले ते याचे. पॉन्झी साधू होता असे मला म्हणायचे नाही, तो पक्का ठक होता. एका उपऱ्याचे नाव गुन्ह्याला चिकटले आणि सत्तर कंपन्यांची नावे पुस्तकातून उतरली, एवढेच मी नोंदवतो.

कायद्याच्या शब्दांकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण तिथे आपले खरे नुकसान झाले आहे. १८६० च्या दंडसंहितेतले ४१५ वे कलम 'चीटिंग'ची व्याख्या करत होते आणि ४२० वे मालमत्ता बळकावण्यासाठी केलेल्या फसवणुकीचे होते. त्यावरून मराठीला 'चारशेवीस' हा शब्द मिळाला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली. भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा ३१८ व्या कलमात आहे. लोकांच्या जिभेवर मात्र चारशेवीसच राहील. पण जमिनीचा कागद रद्द करायला फौजदारी शब्द पुरत नाहीत. तिथे १८७२ चा करार कायदा लागतो. त्याच्या सतराव्या कलमात 'फ्रॉड' म्हणजे काय ते सांगितले आहे : खोटे आहे हे ठाऊक असून खरे म्हणून सांगणे, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे, पाळण्याचा इरादा नसताना वचन देणे. (ही शेवटची बाब निवडणुकीच्या सभांना लागू नाही, याचे वाईट वाटते.) सोळावे कलम 'अनड्यू इन्फ्लुअन्स'चे. एकाची दुसऱ्यावर खरी किंवा दिसायला तरी सत्ता आहे, आणि ती वापरून त्याने गैरफायदा घेतला, तर तो करार टिकत नाही. त्या कलमात जात हा शब्द नाही. पण १९७२ साली एका महाराने गावच्या बड्या असामीपुढे अंगठा दिला, या प्रसंगाला ते कलम बसत नसेल तर कशाला बसेल?

याहून महत्त्वाची जोडी 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल'. मराठीत शून्य आणि शून्यकरणीय. व्हॉइड कागद जन्मतःच मेलेला. व्हॉइडेबल कागद जिवंत. तुम्ही मुदतीत कोर्टात जाऊन तो मारला तर मरतो, नाहीतर तुम्हालाच मारतो. सोळाव्या शतकात इंग्लंडात थरोगुड नावाच्या एका निरक्षर जमीनधारकाला कागद वाचून दाखवताना सांगितले गेले की हा थकलेल्या खंडाच्या सुटीचा कागद आहे. प्रत्यक्षात त्यात जमिनीवरचा हक्कच सोडलेला होता. कोर्टाने म्हटले, निरक्षराला चुकीचा वाचून दाखवलेला कागद त्याला बांधत नाही. आमच्या आज्याचीच गोष्ट, चारशे वर्षे आधीची! आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६८ च्या एका निकालात हा भेद केला : कागदाच्या स्वरूपाबद्दलच फसवले असेल तर तो शून्य, मजकुराबद्दल फसवले असेल तर शून्यकरणीय. गहाण म्हणून खरेदी लिहून घेणे ही स्वरूपाची फसवणूक.

हे मी नोकरीला लागल्यावर वाचले. माझा बाप आज्याचा कागद घेऊन वकिलाकडे गेला होता तो १९९८ साली. वकिलाने दोन प्रश्न विचारले. कळले कधी? १९७९ साली. मग एवढी वर्षे काय करत होता? फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे ही कागद रद्द करण्याची मुदत. आणि कागद शून्यच आहे असे म्हटले तरी ताबा मागायला बारा वर्षे. दोन्ही उलटून गेलेल्या. बापाने घरी येऊन सांगितले, "मुदत गेली म्हणं." इथेही वाक्यात माणूस नव्हता. मुदत आपोआप गेली होती, रान आपोआप गेले होते, आणि आजा आपोआप फसला होता.

'फ्रॉड' या शब्दाची आणखी एक चाल आपल्या विद्यार्थ्यांनी ओळखून असावी. १९६२ साली म्हैसूर सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत अडुसष्ट टक्के जागा राखीव केल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश संवैधानिक अधिकारावरचा 'फ्रॉड' ठरवला. तिथे या शब्दाचा अर्थ अधिकाराच्या मर्यादेबाहेर जाणे असा तांत्रिक आहे; हेतू वाईटच असला पाहिजे असे नाही, हेही न्यायालयाने म्हटले. १९८६ साली बिहारमध्ये विधिमंडळापुढे न नेता तेच ते अध्यादेश पुन्हा पुन्हा काढण्याला न्यायालयाने संविधानावरचा 'फ्रॉड' म्हटले. पण प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिताना तो शब्द अध्यादेशांबद्दल मी एकदाही ऐकलेला नाही. आरक्षणाबद्दल ऐकतो. आणि जातपडताळणीच्या रांगेत आज्याच्या शाळेचा दाखला मागितला जातो. तो शाळेत गेला नव्हता, हे सांगितले की आपल्याकडे फसवणूक करणारा म्हणून पाहिले जाते. मी स्वतः त्या रांगेत तीन वेळा उभा राहिलो आहे. खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा खाणारे आहेत, ते शोधलेच पाहिजेत; पण संशय वाटला जातो तो सर्वांना सारखा, आणि त्यात नेहमी कागद नसलेलाच अडकतो.

गेल्या वर्षापासून मी वर्गात एक बदल केला आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तो नाही. पहिल्या सत्रातले चार तास मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवतो आणि मुलांना घरातला कुठलाही इंग्रजी कागद आणायला सांगतो : कर्जाचा, विम्याचा, भाडेकराराचा, मोबाइलच्या हप्त्याचा. नावे, आकडे झाकून आम्ही तो वाचतो. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण ते शोधायचे, आणि नसला तर कोण असायला हवा ते पेन्सिलीने लिहायचे. पहिल्या तासाला मुले लाजतात. घरात कर्ज आहे हे दाखवायची लाज. दुसऱ्या तासापासून भांडू लागतात.

परवा एका मुलीने आईच्या बचत गटाच्या कर्जाचा कागद आणला होता. आईची सही होती, सही करायला तिनेच आईला शिकवले होते. तिसऱ्या पानावर एक कलम होते की हा मजकूर कर्जदाराला तिच्या भाषेत वाचून आणि समजावून सांगण्यात आला आहे. मुलीने ते वाचले, मान वर केली आणि म्हणाली, "सर, कोणी?" मग तिने पेन्सिल घेतली, ओळीच्या वर जागा केली, आणि काय लिहावे म्हणून माझ्याकडे न पाहता आईला फोन लावायला वर्गाबाहेर गेली.